दुसरी किल्ली

खटके हे त्याचं आडनाव नव्हे. बाजाराच्या तोंडाशी, एका जिन्याखालच्या बोळकांडीत बसून तो कुलपं दुरुस्त करायचा. कान लावून आतला खटका ऐकल्याशिवाय कुलपाला कानस म्हणून लावायचा नाही, म्हणून लोकांनी त्याला खटके करून टाकलं. उभ्या जन्मात एक कुलूप फोडलं नाही, सगळी उघडली, असं तो येईल त्याला सांगायचा. न विचारताही सांगायचा.

घर मात्र अगदी बेताचं. बाहेरची खोली, तिच्यातच ओटा, आणि आत एक चिंचोळी खोली. तिला खिडकी होती, पण चौकटीला दार नव्हतं. आत जुन्या कुलपांचे डबे रचलेले. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी पिंजऱ्यात पोपट, नाव साहेब, कारण तो दिवसभर हुकूम सोडायचा. आणि भिंतीवर खिळ्यांची एक फळी, तिच्यावर घरातल्या प्रत्येक किल्लीची जोडीदारीण टांगलेली. दुसरी किल्ली असल्याशिवाय खटक्याला झोप लागायची नाही.

अशा घरात त्याची थोरली बहीण एक पिशवी आणि एक पिंजरा घेऊन आली. पिंजऱ्यात दोन पांढऱ्या उंदरिणी होत्या, मोठी आणि छोटी. ताईनं सगळी नोकरी एका प्रयोगशाळेत पिंजरे धुण्यात काढली होती, आणि नोकरी सुटताना या दोघींना ती मागून घेऊन आली होती. ती मुलाकडे राहायची; त्याला ते खपलं नाही. ती भाजी आणायला गेलेली असताना त्यानं तिच्या खोलीचं कुलूप दुसऱ्या किल्लीनं उघडलं आणि पिंजरा जिन्यात नेऊन ठेवला. ताईनं पिशवी भरली. पिंजरा उचलला आणि थेट भावाकडे आली.

खटक्याला आनंदच झाला. बायको गेल्यापासून घरात बोलायला एक साहेबच होता, आणि तो ऐकून घेणाऱ्यातला नव्हे. भावानं ताईला पलंग दिला, स्वतः खाली सतरंजी टाकली आणि घराची किल्ली तिच्या हातात ठेवत म्हणाला, हरवली तरी घाबरू नकोस, दुसरी आहे माझ्याकडे. ताई म्हणाली, असायचीच. त्या बोलण्यात काय होतं ते या शहाण्याच्या डोक्यात शिरलं नाही.

उंदरांना साहेबाचा त्रास होऊ नये म्हणून त्यांचा पिंजरा समोरच्या कोपऱ्यात ठेवला. साहेब संध्याकाळी मोकळा फिरायचा. त्यानं चोचीनं पिंजऱ्याची कडी काढली. खटक्यानं खिट्टी बसवली, तीही काढली. जन्मभर मालकाचे हात बघत बसलेला पक्षी तो, दुसरं काय शिकणार! खटक्याला रागापेक्षा कौतुकच जास्त वाटलं. शेवटी त्यानं एक छोटं कुलूप लावलं आणि प्रश्न मिटला असं समजून तो निर्धास्त झाला.

पण साहेबानं आता कुलपाचा नाद सोडला आणि ताईचा आवाज धरला. उंदरांना खायला घालताना ती म्हणायची, “चला गं पोरींनो, जेवायला चला.” एका संध्याकाळी ताई ओट्याशी असताना पिंजऱ्यावर बसून साहेब हुबेहूब तसंच म्हणाला. दोघी धावत गजांपाशी आल्या. छोटीची शेपटी बाहेर आली, आणि साहेबानं ती चोचीत धरली.

ताईनं धावत येऊन त्याला हाकललं. शेपटीचं टोक गेलं होतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी जखम बांधली आणि दोघांनाही फैलावर घेतलं. चूक पोपटाचीही नाही आणि उंदरांचीही नाही, म्हणाल्या. आज यानं शेपटी धरली, उद्या त्या याचा पाय धरतील, आणि उंदराचा चावा पक्ष्याच्या जिवावर बेततो. गजांवर बारीक जाळी लावा, पोपट बाहेर असताना घरात कोणीतरी बघत बसा, आणि मुख्य म्हणजे मध्ये दार पाहिजे. जागा नसेल तर दोन्हींपैकी एक दुसऱ्या घरी द्या.

घरी आल्यावर ताईनं पिशवी काढली. साहेब आधीपासूनचा, तेव्हा जायचं तर आपणच, असा तिचा हिशेब. मुलाकडे परत गेली तर उंदरिणी कोणाला तरी देऊन टाकायच्या, हे उघडच होतं.  आतली खोली रिकामी करतो, दार बसवतो, चांगलं कुलूप लावतो, असं खटके घाईघाईनं सांगू लागला. ताई कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

“आणि त्याची दुसरी किल्ली तिथे असेल ना?” तिनं फळीकडे बघून विचारलं.

तेव्हा कुठे खटक्याला ऐकू आलं. जगाच्या कुलपांतला खटका ऐकणारा माणूस, पण बहीण घरात आल्यापासून ती काय म्हणतेय ते याला कळलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलंच नाही. कुलपांचे डबे भंगारवाल्याला देताना त्याचा जीव तुटला, पण दिले. दार बसवलं, त्याच्या तळाची फट पट्टी मारून बुजवली, खिडकीला आणि पिंजऱ्याला जाळी ठोकली, पलंग आत सरकवला. मग किल्ली ताईच्या हातात ठेवली.

“दुसरी बनवलेली नाही.”

“तुला काय रे, तारेनंही उघडेल.”

“उघडेल. पण तू हाक मारल्याशिवाय उघडणार नाही.”

ताईनं कपडे पिशवीतून बाहेर काढले. मग तिनं पिशवी खिळ्याला अडकवली, रिकामी.

पुढे छोटीची जखम भरली. साहेब बाहेरच्या खोलीत बसून ताईच्या आवाजात जेवायला बोलवायचा, आणि दारापलीकडून कोणी यायचं नाही. त्याचा त्याला फार राग यायचा.

एकदा ताईला दिवसभरासाठी बाहेर जायचं होतं. संध्याकाळी खटके घरी आला तर फळीवर, रिकाम्या खिळ्याला, तिच्या खोलीची एकुलती एक किल्ली टांगलेली. निघताना ती शेजारणीपाशी निरोप ठेवून गेली होती: दोघींना पाणी घाल म्हणावं.

खटक्यानं आधी साहेब त्याच्या पिंजऱ्यात आहे ना ते पाहिलं. मग किल्ली घेऊन तो दारापाशी गेला. आत दोन उंदरिणींशिवाय कोणी नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं आधी दार वाजवलं.