वरच्या अंगाचं पाणी

"बाईनू, हय नको. तुमी खालच्या अंगाक जावा."

मी व्हाळात कळशी बुडवली होती. आमच्याकडे ओढा म्हणतात, इथे व्हाळ. कळशी अर्धी भरली होती. वर बघितलं तर काकी, माझ्या घरमालकीण. दोन वर्षं त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते मी.

"खाली कशाला? खाली गुरं उतरलीत पाण्यात," मी म्हटलं.

"हय आमी पिवचा पाणी भरतंव."

हे त्या हळू आवाजात बोलल्या. मायेनं बोलल्या म्हणून तर जास्त लागलं. आजूबाजूला बायका होत्या. कुणी हसलं नाही. कुणी वर बघितलंही नाही. तांदूळ धुणारी तांदूळ धूत राहिली.

अख्खं गाव तेव्हा वेशीबाहेर होतं. गावपळण होती. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेतात आणि घरांना कुलपं लावून सगळे गाव सोडतात. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. तीन दिवस गावात कुणी थांबायचं नाही, चूल पेटवायची नाही. वेशीपलीकडे माळावर नारळाच्या चुडतांच्या, म्हणजे झावळ्यांच्या, झोपड्या उभ्या राहतात. मुंबईची माणसं रजा टाकून येतात. काकींचे यजमान, काका, देवळाचे मानकरी. ते मला ऑफिसातल्या मराठीत म्हणाले होते, "मॅडम, नियम सर्वांना सारखा आहे. आपल्यालाही यावं लागेल."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. सर्वांना सारखा. म्हणजे त्या सर्वांत मी आले. नवी साडी नेसून निघाले मी, येड्यासारखी.

मी परभणीकडची. शाळेवर नोकरी लागली ती थेट इथे, मालवणच्या किनाऱ्याला. राज्य एक, भाषा एक, असं कागदावर. पहिल्या दिवशी वर्गातलं पोर म्हणालं, "बाई, माका पाणी व्हया," आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मी "काय करायलाव?" म्हटलं की अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा. बाजारात माझ्या पाठीमागे "घाटी बाई" म्हणायचे. ज्वारीचं पीठ मिळायचं नाही. पावसाळ्यात चपलांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, उशीला ओला वास. ओळखीचं माणूस एक नाही. रविवार तर खायला उठायचा. बोलायला कुणी नाही म्हणून रेडिओ लावून ठेवायची आणि तोही खरखरायचा.

पण मी मनाला समजावलं. परक्या मुलखात असंच असतं. आपण शिकायचं. मग शिकले. बांगडा साफ करायला शिकले, काटे काढून खायला शिकले. माका, तुका बोलायला लागले. सोलकढी आवडायला लागली. शिकले की ही माणसं आपल्याला आपली म्हणतील, असा माझा हिशेब होता.

काकी चांगल्या होत्या. म्हणजे मला तसं वाटायचं. अंगणात विहीर. पंप होता, पण प्यायचं पाणी दोरानं ओढून काढायचं. मी कळशी घेऊन निघाले की त्या पुढे व्हायच्या. "तुमका कित्याक त्रास? मी देतंय." स्वतः पाणी ओढायच्या, माझ्या कळशीत वरून ओतायच्या. मी आईला फोनवर सांगितलं, "इथली माणसं फार जीव लावतात गं. मला दोर ओढू देत नाहीत."

आई गप्प झाली. मला वाटलं, रेंज गेली. मग म्हणाली, "त्यांची बादली तुझ्या कळशीला लागते का?"

"नाही. वरून ओततात."

आईनं विषय बदलला. जेवलीस का, एवढंच विचारलं. मला वाटलं, रेंज गेली.

काका घराच्या पुढच्या खोल्या पर्यटकांना देतात. एकदा एक गोरा आला होता. दूरदेशीचा. मराठीचं एक अक्षर येत नव्हतं त्याला. काकींनी त्याच्या हातात दोर दिला. त्यानं पाणी ओढलं, निम्मं पायावर सांडलं. सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. काकांनी फोटो काढला. मग त्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवून जेवायला वाढलं. मी त्या स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. माझं ताट नेहमी पडवीत यायचं. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

व्हाळात उभ्या उभ्या हे सगळं एकदम कळलं. पहिल्या दिवशी आडनाव विचारून काका "बरं, बरं" का म्हणाले, ते कळलं. माझ्या खोलीत निळ्या कोटातली तसबीर लागल्यापासून काकी आत का आल्या नाहीत, ते कळलं. आई फोनवर गप्प का झाली तेही. मी समजत होते, मी परकी आहे. परका तर तो गोरा होता. त्याला विहीर मोकळी होती. माझी जात त्यांच्या चांगली ओळखीची होती. मी कितीही माका-तुका केलं असतं तरी माझी कळशी खालच्या अंगालाच जाणार होती, गुरांच्या.

"काकी, कारण सांगा," मी म्हटलं.

"कारण कसला? रीत आसा."

"कुणाची?"

मी कळशी पुन्हा बुडवली. काठोकाठ भरली. त्यांच्यासमोर ओंजळीनं प्यायले. मग एकेक बाई उठली. टोप, हंडे उचलून सगळ्या माझ्या वरच्या बाजूला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याही वर जाऊन भरलं. त्या आणखी वर गेल्या. तिथून पुढे व्हाळ करवंदीच्या जाळीत शिरतो. जाऊन जाऊन किती वर जाणार?

ते दिवस माझ्या झोपडीकडे कुणी फिरकलं नाही. पलीकडे फुगड्या चालल्या होत्या, भजनं चालली होती, कोंबडीवड्यांचा वास येत होता. मला कुणी हाक मारली नाही. ज्यांच्या पोरांना मी हाताला धरून अक्षरं गिरवायला शिकवली त्यांनीही नाही. एवढ्या माणसांत एवढी एकटी मी कधीच नव्हते. रडले. खोटं कशाला सांगू? उठून गावात जावं, आपल्या खोलीचं दार लावून बसावं, असं सारखं वाटत होतं. नाही गेले. गेले असते तर म्हणाले असते, बघा, गावचा नियम मोडला.

परतायचा कौल झाला. गाव परतलं. मी बाजारातून दोर आणि बादली आणली. सकाळी विहिरीवर गेले तर काकी नेहमीसारख्या पुढे आल्या.

"द्या, मी भरून देतंय."

"नको काकी. मी काढते."

"हट करू नकात बाईनू. लोक काय म्हणतले?"

मी दोर सोडला. पाणी ओढलं. कळशी भरली. काकी तोंडाला पदर लावून आत गेल्या.

संध्याकाळी काका आले. दारातच उभे राहिले. "मॅडम, खोली रिकामी करा. आम्हाला पाहुण्यांसाठी लागते आहे."

"लेखी द्या," मी म्हटलं. "आणि खरं कारण लिहा."

ते वळले आणि निघून गेले.

अजून काही लिहून आलेलं नाही. काकी बोलत नाहीत. पडवीतलं ताट बंद झालं, बरं झालं. विहिरीवर मी गेले की अंगण रिकामं होतं. प्यायचं पाणी ते आता शेजारून आणतात म्हणे. आणू दे. आई म्हणते, बदली माग, ये इकडे. नाही मागणार. मला इथे कुणी आपली म्हणावं, ही भूक मेली माझी. मला आता विहीर पाहिजे. रोज सकाळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, माझ्या हातानं.