बंद कॉम्प्युटरमधला पाळणा

प्रज्ञा, सम्यक,

तीस वर्षं मी भोकरदनला इंग्रजी शिकवलं. भुतंखेतं, भानामती यातलं काहीही घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. त्यामुळे हे लिहावं लागतंय याचा मला रागच येतोय. पण घडलं तसंच सांगते.

आपल्याकडे दोन कॉम्प्युटर. आबांचा पुढच्या खोलीत, माझा आतल्या, मधे वायर. त्यांचं फोल्डर मला माझ्या पडद्यावर दिसतं. त्यात पणजीनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गायलेल्या भीमाच्या पाळण्याचं रेकॉर्डिंग आहे... एकच प्रत. "कुणी चोरलं तर?" म्हणून आबांनी ती फाईल एन्क्रिप्ट केली, म्हणजे कुलूपबंद. पाळणा कोण चोरणार, हे विचारू नका. पुढे त्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्यानं टाकलं. त्यानंतर फाईल उघडायची चावी फक्त पेन ड्राइव्हवर उरली. मी तो आवरायला घेतला, एका फाईलचं नाव नुसतं आकड्यांचं दिसलं, कचरा समजून पुसली.

तीच चावी. हो, मीच.

मग प्रज्ञाचा फोन — "आजी, सातवा लागला. पणजीचा पाळणा पाठव ना, बाळाला तोच ऐकवायचाय."

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. "बाई, फाईल बराबर हाय. पर चावी तुम्हीच पुसली. आता बिलकुल उघडायची न्हाई."

तरी मी रोज एकदा क्लिक करायची. रोज तेच — Access is denied. इतकं स्वच्छ इंग्रजी, आणि इतका संताप!

मंगळवारी दुपारी तीनला पुढची खोली झाडायची म्हणून आबांच्या कॉम्प्युटरचा प्लग मी माझ्या हातानं काढला. तो बंद असला की माझ्याकडे फोल्डर दिसतसुद्धा नाही. आत येऊन बसले... फोल्डर दिसत होतं. सवयीनं क्लिक केलं.

आणि सासूबाई गायला लागल्या.

मी वही ओढली आणि डिक्टेशन घ्यावं तशी लिहीत सुटले. बाहेरून आबा ओरडले, "अगं, माय गाऊन राह्यली! कशी काय उघडली?"

"बोलू नका हो, शब्द सुटतात!"

चार कडवी झाली. मग गाणं थांबवून सासूबाई स्पष्ट म्हणाल्या, "ही सूनबाई समदं आवरून ठिवती, मंग सापडत काहीच न्हाई."

आवाज बंद. फोल्डरही गायब. पुढच्या खोलीत प्लग जमिनीवर तसाच पडलेला.

आबांनी वही वाचली. "मी धा वेळा ऐकलंय ते. चार कडवी, बस. मायचं ते बोलणं त्यात नव्हतं."

जाऊन चौदा वर्षं झाली बाईंना, तरी टोमणा शिल्लकच!

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, असं होतच न्हाई." ते मलाही कळतं. प्लग लावून परत बघितलं — Access is denied. अजून रोज बघते.

प्रज्ञा, वहीच्या पानांचे फोटो पाठवते आहे. चाल आबा फोनवर म्हणून दाखवतील, त्यांना येते. चौथ्या कडव्याखाली सासूबाईंचं ते वाक्यही आहे. नीट प्रत करताना ते गाळणार होते... नाही गाळलं. आता काहीही पुसायचं म्हटलं की माझा हात थांबतो.

— आजी