समासातले बाबा

माझी लेक मानसशास्त्र शिकते. तिच्या पुस्तकांना कव्हर घालताना अभ्यासक्रमाबाहेरचं एक पुस्तक हाती आलं, काटेकोर माणसांच्या स्वभावावरचं. समासात पेन्सिलीनं जागोजागी ‘बाबा’ लिहिलेलं. मी मोजलं. अकरा ठिकाणी.

“हे काय गं?”

“ते अवांतर आहे हो बाबा. परीक्षेला नाही येत,” ती हसत म्हणाली.

अवांतर वाच, असं मीच तिला लहानपणापासून सांगत आलो. वाचणाऱ्याला माणसं कळतात, असं वाटायचं. मलाही असंच परस्पर वाचलं जाईल, हे ध्यानात आलं नव्हतं. दहा ठिकाणं मला मान्य आहेत. अकराव्या ठिकाणी, ‘अशा माणसांना माया दाखवता येत नाही’ या ओळीशेजारी, ‘बाबा’पुढे प्रश्नचिन्ह होतं. तो प्रश्न ती पुस्तकाला विचारत होती, तेव्हा मी शेजारच्याच खोलीत बसलो होतो.