एकेचाळिसावा हुकूम

जपानातल्या योकोता गावात जन्मलेल्या पोरीच्या हातात दात येण्याआधी सोरोबान येतो. सोरोबान म्हणजे दांड्यांवर मणी सरकवून हिशोब करायची लाकडी चौकट; सगळं गाव तीच बनवतं. वाकात्सुकींच्या सुमिएची आई तोयो दिवसा मणी तासायची आणि संध्याकाळी मुलांना आकडे वाचून शिकवायची. आधी एकच हाक: "मणी मोडा, आता मांडा." की तीस चौकटी एकदम खळ्ळकन रिकाम्या. कुणाची चौकट नवी, कुणाची आजोबांच्या वेळची. पण वाचणारी एक, म्हणून उत्तरही एक. ते सुमिएच्या हाडात मुरलं.

मोठी झाल्यावर ती गावातल्या तीन खोल्यांच्या कंपनीत टायपिंगला लागली आणि बघता बघता प्रोग्रॅम लिहायला शिकली. चौऱ्याऐंशी साल होतं. शाळांत कॉम्प्युटर आले होते, पण तीन कंपन्यांचे तीन, एकाचं दुसऱ्याला कळेल तर शपथ. साहेब फुकुयोरी-सान यांनी मुलांसाठी होतारू नावाची सोपी भाषा काढली होती. ती तिन्हीकडे चालावी कशी?

सुमिएने वहीत मनातलं एक यंत्र रचलं. त्याचे हुकूम फक्त चाळीस: हे ठेव, ते उचल, दोन्ही मिळव. होतारूतलं काहीही त्या चाळीसांत उतरवायचं, आणि प्रत्येक कॉम्प्युटरला तेवढेच हुकूम पाळायला शिकवायचं. शिकलेली माणसं त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. सुमिए त्याला सोरोबानच म्हणायची.

आठ महिने खपली. एका शुक्रवारी तीन वाजता शिक्षण खात्याची माणसं बघायला येणार होती. पसंत पडलं तर होतारू शाळांत जाणार, नाही तर काम बंद आणि सुमिए परत टाइपरायटरवर.

सकाळी दहाला तिने तिन्ही कॉम्प्युटरांवर शाळेच्या जेवणाचा प्रोग्रॅम लावला. सहा वर्ग, प्रत्येक वर्गाच्या भाताच्या वाट्या काढायच्या नि बेरजेत घालायच्या. तिन्ही पडद्यांवर आकडा आला चौतीस. नुसत्या सहाव्या वर्गाचा.

"एकमत तर झालं," फुकुयोरी-सान म्हणाले. "पाच वर्ग उपाशी ठेवायचे, यावर."

तिने चाळीसही हुकूम तपासले. एकही चुकीचा नव्हता. बाराला ती दोन गल्ल्यांपलीकडे घरी जेवायला गेली. समोर तोयो सोरोबानवर मण्यांची बेरीज करत होती. तेवढ्यात शेजारचे नागासे-सान दारातून म्हणाले, "तोयो-सान, सतरा चौकटी, तेवीस-तेवीस दांड्या. किती हो?"

तोयोचं बोट चौकटीच्या पार डाव्या टोकाला गेलं. "तीनशे एक्याण्णव." तेवढेच मणी मोडले नि बोट परत उजवीकडे, आधीच्या बेरजेवर.

सुमिएच्या सोबाच्या शेवया काड्यांवर तशाच लोंबत राहिल्या.

"आई, तू आधी सगळे मणी मोडले नाहीस."

"मोडू कशाला? माझी निम्मी बेरीज उभी आहे."

"पण तूच शिकवतेस ना, नवं गणित आलं की आधी मोडा."

"ते पोरांना गं. त्यांना मधेच कोण हाक मारतंय? माझ्या दारात दिवसभर कुणीतरी उभं. मोकळ्या दांड्यांवर करायचं, उत्तर द्यायचं, तेवढंच पुसायचं. बाईमाणसाला एका वेळी एकच काम कधी कुणी दिलंय?"

सुमिए पळाली, एका पायात आपली चप्पल, दुसऱ्यात आईची. तिच्या यंत्रात प्रत्येक नवं काम आधी सगळं मोडून बसत होतं; दुसऱ्या वर्गाचा भात मांडताना पहिल्याचा पुसला जात होता. आता तिने एकेचाळिसावा हुकूम घातला: नवं काम आलं की बोट ठेव, माझी जागा इथून पुढे, मोडायचं ते बोटापलीकडचंच, आणि झालं की उत्तर देऊन बोट उचल. तो तिन्ही कॉम्प्युटरांना वेगवेगळा शिकवायचा होता. पहिला दीडला शिकला. दुसरा सव्वादोनला. तिसऱ्याचं अर्धंच झालं होतं नि दारात पाहुणे बूट काढू लागले. एरवी मोजून बोलणारे फुकुयोरी-सान त्यांच्याशी थंडीवर बोलले, रस्त्यावर बोलले, चहा दोनदा झाला.

शेवटी सुमिएने होकारार्थी मान हलवली. तीन पडदे, तीनदा दोनशे चार.

खात्यातल्या वयस्कर गृहस्थांनी खिशातून सोरोबान काढला, मणी झटकले, सहाही वर्गांचा भात स्वतः मांडला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "एप्रिलपासून द्या. किती शाळांना पुरवाल?"

वहीत त्या हुकमाचं नाव आहे तोयो. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "नाव घातलंस ते घातलंस, पण माझी चप्पल कुठाय?"