दुभाषी अण्णा

"सावंतांच्या घरून बोलतेय," असं फोनवर ऐकलं आणि मी सरळ "राँग नंबर" म्हणालो. पलीकडची बाई म्हणाली, "शिवाजीनगरचे बाइंडिंगवाले... तुमचे अण्णा. मी त्यांची मुलगी. अण्णा सकाळी गेले." सहा वर्षं दर गुरुवारी ज्यांच्या शेजारी बसलो, त्यांचं आडनाव मला ते गेल्यावर कळलं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आमच्या बैठकीत आडनाव कुणी विचारत नाही.

अण्णा तीन पिढ्यांचे बंगलोरचे. मी नागपूरहून कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला आलो होतो, बनशंकरीत घर घेऊन राहत होतो. तेव्हा घरात मी एकटाच उरलो होतो. शुभदा चार वर्षांच्या मंजूला घेऊन माहेरी निघून गेली होती. एकदा कंपनीची काही पुस्तकं बांधून घ्यायला अण्णांच्या दुकानात गेलो. चिठ्ठीवर पत्ता लिहिताना हात इतका थरथरला की पेन खाली पडलं. म्हातारबुवांनी खळीचा ब्रश बाजूला ठेवला आणि शुद्ध मराठीत हळूच विचारलं, "सकाळी थोडी घेतली की हात थांबतात ना? माझे पण तसेच थांबायचे." मी म्हणालो, ताप आहे. "सरी," म्हणजे बरं, म्हणाले, आणि दुकानामागच्या शाळेत गुरुवारी सहा वाजता बैठक असते, एवढंच सांगितलं. मी गेलो नाही. पुढच्या गुरुवारीही नाही.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी चारला अण्णा माझ्या दारात उभे! काखेत माझी बांधलेली पुस्तकं. "ही द्यायला आलो. आणि एक काम होतं. आज बैठकीला एकट्यानं जायची भीती वाटतेय मला. चला की, स्वल्प सोबत होईल." मला नेण्याची ही युक्ती आहे, हे मी ओळखलं, पण म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? पुढे दोन वर्षांनी कळलं की युक्ती नव्हतीच ती. बायको जाऊन त्या दिवशी महिना झाला होता. सकाळचे विधी आटोपून बाहेर पडल्यावर, दारू सोडून नऊ वर्षं झालेली असताना, त्यांचे पाय आपोआप जुन्या गुत्त्याकडे वळले होते. तिथून मागे फिरून त्यांनी बनशंकरीची बस पकडली होती.

शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, त्यात गुडघे दुमडून बसलेली दहा-बारा मोठी माणसं. सगळं कन्नडमध्ये. माझी पाळी आली तेव्हा अण्णा म्हणाले, "मराठीत बोला, मी सांगतो त्यांना." मी सुरुवात केली. कामाचा ताण असतो, अधूनमधून घेतो, घरच्यांना कधी त्रास दिला नाही... अण्णा वाक्यामागून वाक्य कन्नडमध्ये सांगत होते. शेवटच्या वाक्याला थांबले. सगळे वाट बघत राहिले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "हे मी नाही सांगणार. दुसरं काही सांग."

तुम्हीवरून तूवर आले, ते त्या क्षणी.

मला राग आला. उठून जावंसं वाटलं, पण त्या बाकातून चटकन उठताही येईना. आणि मग, कसं कोण जाणे, मंजूचं तोंडातून बाहेर पडलं. बागेत नेतो म्हणून तिला घेऊन निघालो होतो, बारच्या बाहेर पायरीवर बसवलं, "आलोच" म्हणालो. दोन तासांनी बाहेर आलो तर ती तिथेच बसली होती. रडत नव्हती. तिनं विचारलं, "बाबा, मी हलले नाही, बरोबर ना?" अण्णांनी हे सगळं सांगितलं. शेवटी चष्मा काढून त्यांनी मंजूचं ते वाक्य दोनदा सांगितलं. समोरच्या रिक्षावाल्यानं आपला चहाचा पेला माझ्याकडे सरकवला.

लगेच सुटली असं नाही. पाचव्या महिन्यात मी पुन्हा प्यालो, आठवडाभर तोंड लपवलं. अण्णा भेटले तेव्हा रागावले नाहीत, नुसतं विचारलं, "आज घेतलीस?" नाही म्हणालो. "मग आजचं झालं." वर्षभरानं शुभदा मंजूला घेऊन नुसती बघायला आली आणि तिनं अण्णांनाच गाठलं. "पुन्हा पिणार नाहीत, असं सांगाल का मला?" अण्णा म्हणाले, "नाही अक्का. मी उद्याचं माझंही सांगू शकत नाही. आज हा कोरा आहे, एवढं खरं." शुभदा नंतर म्हणाली, त्यांनी हमी दिली असती तर मी परत गेले असते. ती राहिली. मंजू आता दहा वर्षांची आहे, आणि अण्णांनी बांधून दिलेल्या वह्यांशिवाय तिला शाळेत जाववत नसे.

अण्णांची एक सवय होती. बैठकीला ते नेहमी अर्धा तास आधी येऊन बसत. कारण विचारलं तर म्हणायचे, "नवा माणूस लवकर येतो. खोली रिकामी दिसली की त्याला परत जायला निमित्त मिळतं रे." त्यांना जाऊन दीड महिना झाला. आता साडेपाचला मी जातो. गेल्या गुरुवारी दारात एकजण उभा होता. आनेकलच्या कारखान्यातून कामाच्या कपड्यांतच आलेला, जेवणाचा डबा छातीशी धरलेला. आत येईना, जाईनाही. माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये मी म्हणालो, "बरं झालं आलात. एकटा बसून कंटाळलो होतो." आणि बाकावर सरकून जागा केली.