शेफच्या चिकनवर आमचा मसाला

मे महिन्यातला शेवटचा रविवार. हजर: मी, जाऊबाई, सासूबाई. गैरहजर: शेजारच्या दोघी, लग्नाला गेल्या म्हणून.

आम्ही पाच जणी पोलादपुरात मिळून मसाला करतो. यंदा माझ्या उत्साहापायी दुप्पट केला आणि निम्मा पिंपात पडून राहिला. पाऊस लागला की ओल धरणार. तेवढ्यात कळलं, टीव्हीवरच्या एका नामांकित शेफने महाडजवळ हायवेला तळलेल्या चिकनचं साधंसं हॉटेल काढलंय. मसाला तिथेच खपवायचा, मी ठरवून टाकलं. आधी गिऱ्हाईक म्हणून खायचं, मग मॅनेजरला बोलावून नमुना द्यायचा. नमुना घेतला कॉफीच्या रिकाम्या बाटलीत. शेफशी बोलायची चार वाक्यं एसटीत पाठ केली.

शेफ दारातच भेटले, पुठ्ठ्याचे. सासूबाईंनी त्यांना नमस्कार केला. मी हसले नाही, कारण माझेही हात अर्धे वर गेले होते.

चिकन बेचव निघावं अशी माझी मनोमन इच्छा होती. ते निघालं कुरकुरीत आणि आतून रसाळ. दोन तुकडे संपल्यावर मला आठवलं की आपण धंद्यासाठी आलोय.

"तिखट नाय गो," सासूबाई म्हणाल्या. "काढ ती बाटली."

"आई, तो नमुना आहे."

"मंग? नमुना चाखायलाच असतो ना?"

जाऊबाईंनी झाकण उघडलंसुद्धा. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी "जरा इकडे द्या" म्हणून हात पुढे केला. बाटली तिसऱ्या टेबलावर पोहोचली तेव्हा टोपीवाली मॅनेजर मुलगी न बोलावताच हजर झाली.

"मॅडम, बाहेरचं चालत नाही इथे."

"बाहेरचं कुठे? पोलादपूरचं आहे," जाऊबाई म्हणाल्या.

पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवेना. मी बाटली परत मागून आणली आणि तिच्या हातात दिली. तळाशी दोन चमचे मसाला उरला होता. तिने चिमूटभर चाखला, ठसकली, पाणी प्यायली.

"चांगलाय. वर विचारते मी. पण यावर नाव कुठंय? लायसन्स नंबर? तारीख?"

बाटलीवर फक्त कॉफी कशी करावी ते लिहिलं होतं, चित्रांसकट.

"दिसभर याद्या करतेस," परतीच्या एसटीत सासूबाई म्हणाल्या, "आणि ह्येच नाय लिवलंस?"

लायसन्सचा अर्ज भरायला मी दुसऱ्याच दिवशी बसले. फोटो, आधार, पत्ता सगळं तयार. पहिलाच रकाना नावाचा. आम्हा पाच जणींची तीन घरं, तीन कुलदैवतं, कोणी मागे हटेना. जाऊबाईंना देवाचं नकोच, काहीतरी 'कडक' हवंय. तिन्ही देवांची नावं घालून पाहिली, तर बाटली पुरेना. मॅनेजर मुलीचा दोनदा फोन येऊन गेला. पिंप आतल्या खोलीत हलवलंय. नाव अजून ठरायचंय.