डोळेवालीचं पपनस

गल्लीच्या टोकाला रोपवाटिका चालवणाऱ्या बाईला सगळे डोळेवाली म्हणत. नवखी माणसं चष्म्याचा नंबर काढायला तिच्या फाटकात उभी राहायची, आणि शेजारपाजारचे लोक त्यांना मुद्दाम अडवायचे नाहीत. ती डोळे भरायची ते झाडांचे: रानटी रोपाच्या खुंटाची साल चिरायची, चांगल्या झाडाचा एक डोळा, म्हणजे निजलेला कोंब, आत बसवायची, वर पट्टी बांधायची. तिच्या अंगणात रानातली जांभळं-कवठं आणि समुद्रापलीकडून आलेले चिकू, कोको, अननस एकमेकांना खेटून नांदायचे. जावाजावांसारखे म्हणा हवं तर.

जीव मात्र एकाच कुंडीत अडकलेला. आईच्या परसातलं गुलाबी गराचं पपनस भावाने गॅरेजसाठी तोडलं. त्याआधी तिने घाईघाईने भरलेल्या डोळ्यांपैकी जंबुरी लिंबाच्या खुंटावरचा एकच जगला होता, तो या कुंडीत.

लेकीच्या बाळंतपणाला निघताना तिने नवऱ्याला बजावलं, "पाणी घाला, पण ह्याला नखसुद्धा लावायचं नाही. कात्री तर लांबच." नवरोबांनी एकदा जुईचा वेल गवत समजून उपटला होता, म्हणून ही ताकीद.

जन्मात पहिल्यांदा त्या माणसाने बायकोचं ऐकलं, आणि तिथेच घात झाला.

ती परतली तेव्हा स्वारी कुंडीशी छाती काढून उभी. "बघ, तुझ्या आईचं झाड कसं फोफावलंय! एक पान तोडलं नाही."

तिने पान चुरगळून नाकाशी नेलं. लिंबाचा वास. भरलेल्या डोळ्याच्या खालून जंबुरीचे धुमारे माजले होते, सगळा रस त्यांनीच खाल्ला होता. वर पपनसाची काडी तपकिरी पडली होती.

"अहो, हे खालचे फुटवे खुडायचे असतात!"

"तूच म्हणालीस ना, नख लावायचं नाही?"

ती कुंडीशी उकिडवी बसली. भांडायलाही जागा उरली नव्हती.

मग काडीची साल नखाने खरवडत ती वरून खाली आली. सुकी. सुकी. अगदी बुडाशी एका डोळ्याखाली हिरवी रेघ दिसली. तिने सगळे फुटवे छाटले, तो जिवंत डोळा बसवायला एक ठेवला, त्याची साल चिरायला सुरी टेकवली. हजारो डोळे भरलेल्या हातातून फुटवा दोनदा निसटला. हा डोळा वाया गेला, तर आईच्या परसातलं काही म्हणता काही उरणार नव्हतं.

नवरा लांब उभा होता, हात पाठीमागे घट्ट धरून.

"अहो, या इकडे," ती रडवेली होऊन म्हणाली. "हात लावा. फांदी धरा."